काहीही न देता वाजणारा फिल्टर

सिंथेसायझरमधला फिल्टर हा मुळात कमी करण्याचे काम करणारा भाग आहे. ऑसिलेटरमधून, म्हणजे लहर निर्माण करणाऱ्या भागातून, आलेल्या करवती लहरीत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट आणि त्याहून वरच्या वारंवारतांचे घटक मिसळलेले असतात, आणि लो-पास फिल्टर त्यांतले एका ठरावीक हद्दीच्या वरचे घटक क्षीण करत जातो. ही हद्द, म्हणजे कटऑफ, एका नॉबने वर-खाली करता येते. आवाज उजळल्यासारखा किंवा झाकोळल्यासारखा वाटतो तो यामुळे. आलेल्यातले काही जाऊ द्यायचे आणि काही अडवायचे, एवढाच ज्याचा अधिकार, त्या भागाला रेझोनन्स नावाचा आणखी एक नॉब असतो. तो शेवटाकडे नेला की अनेक फिल्टर, आत कोणताही आवाज येत नसताना, स्वतःचा एक स्वच्छ आणि अखंड स्वर धरतात, आणि कटऑफ फिरवला की तो स्वर चढतो किंवा उतरतो. अडवणारा भाग गाऊ लागतो, ही मला इलेक्ट्रॉनिक्समधल्या सर्वांत सुंदर घटनांपैकी एक वाटते, आणि ती नेमकी कशी घडते हे सावकाश, आकड्यांसकट सांगावे म्हणून हे लिहीत आहे.

परभणीत मी अनेक वर्षे डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवले. आमच्या अभ्यासक्रमात फिल्टर हे एक प्रकरण होते आणि ऑसिलेटर हे दुसरे. दोन्हींत तेच रोध, तेच कपॅसिटर, तोच ट्रान्झिस्टर. पण परीक्षेत ती वेगवेगळ्या प्रश्नांखाली येत असल्यामुळे एकाची उजळणी करताना दुसऱ्याची आठवण कुणाला होत नसे. सिंथेसायझरच्या फिल्टरमध्ये मात्र एका प्रकरणातून दुसऱ्यात जायला फक्त एक नॉब फिरवावा लागतो, आणि तो फिरवताना मधल्या वाटेवर काय काय घडते ते कानांनी ऐकता येते. मी जर पुन्हा वर्गात उभा राहिलो, तर ही दोन्ही प्रकरणे एकाच ब्रेडबोर्डवर, म्हणजे भाग नुसते खोचून सर्किट जुळवण्याच्या पाटीवर, शिकवीन.

या फिल्टरांमधला सर्वांत प्रसिद्ध नमुना अमेरिकन अभियंते रॉबर्ट मूग यांचा. ट्रान्झिस्टरांच्या जोड्या एकावर एक रचून केलेले हे सर्किट कागदावर शिडीसारखे दिसते, म्हणून त्याला लॅडर फिल्टर असेच नाव पडले. त्याचे अमेरिकी पेटंट १९६९ मध्ये मंजूर झाले, आणि त्याच वर्षी डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, मूगची यंत्रणा उभी करून दिली. पुढची काही वर्षे भारतीय संगीतकारांनी तिच्यावर ध्वनिफिती केल्या. आपल्याकडे सिंथेसायझर म्हटले की ऑर्केस्ट्रातला आणि लग्नाच्या बँडमधला कीबोर्डच डोळ्यांपुढे येतो, पण त्याच्या बराच आधी हा फिल्टर या देशात वाजत होता, ही गोष्ट अधिक लोकांना माहीत असायला हवी.

शिडीची एक पायरी म्हणजे एक रोध आणि एक कपॅसिटर. कपॅसिटर भरायला वेळ लागतो, त्यामुळे सावकाश बदलणारा संकेत त्या पायरीतून जवळजवळ जसाच्या तसा पुढे जातो आणि झपाट्याने बदलणारा मागे पडतो, लहान होतो. नेमक्या कटऑफच्या वारंवारतेवर एका पायरीतून बाहेर पडणारी लहर मूळ उंचीच्या ०.७०७ पट उरते आणि आत आलेल्या लहरीच्या ४५ अंश मागे असते. या दोन गोष्टी, लहान होणे आणि मागे पडणे, एकमेकींपासून सुटत नाहीत. फिल्टरविषयी बोलताना आपण पहिलीचाच विचार करतो. पुढे जे घडते ते दुसरीमुळे. मूग यांच्या रचनेत वेगळा रोध नाहीच: ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमधला जो स्वतःचा रोध असतो तोच इथे वापरला आहे, आणि ट्रान्झिस्टरमधून वाहणारा विद्युतप्रवाह वाढवला की तो रोध कमी होतो. म्हणून एकच प्रवाह कमी-जास्त केला की चारही पायऱ्यांचा कटऑफ एकदम सरकतो. चार पायऱ्या मिळून कटऑफच्या वर दर सप्तकाला २४ डेसिबेल (डेसिबेल हे आवाजाच्या पातळीचे माप) एवढी घट होते.

आता चार पायऱ्यांचा हिशेब करावा. कटऑफवर प्रत्येक पायरी ०.७०७ पट करते, म्हणजे चार पायऱ्यांनंतर बरोबर एक चतुर्थांश उरते. आणि ४५ अंशांप्रमाणे एकूण १८० अंशांची पिछाडी होते, म्हणजे लहर पूर्ण उलटी होते, जिथे शिखर होते तिथे खळगा येतो. रेझोनन्सचा नॉब काय करतो, तर शिडीच्या शेवटच्या पायरीवरचा हा संकेत काही पटींनी वाढवून पुन्हा पहिल्या पायरीकडे नेतो आणि तिथे येणाऱ्या आवाजातून वजा करतो. खर्जाच्या घटकांना शिडीतून जाताना काहीच उशीर होत नाही, त्यामुळे त्यांच्यातून खरोखर वजाबाकी होते आणि ते क्षीण होतात. कटऑफच्या घटकाची गोष्ट निराळी: तो आधीच उलटा झालेला असतो, आणि उलट्याची वजाबाकी म्हणजे बेरीज. एकाच तारेने एकाच जागी आणून जोडलेला तोच फीडबॅक खर्जाला दाबतो आणि कटऑफला उचलून धरतो, हे लक्षात आले की या फिल्टरचा आवाज कानाला उलगडू लागतो.

नॉब वाढवताना आवाज जो बारीक होत जातो त्याचा खुलासा यातच आहे. फीडबॅकचा गुणक, म्हणजे परत नेताना संकेत किती पट केला तो आकडा, ४ वर पोहोचला की तळाच्या वारंवारतांची पातळी मूळच्या एक पंचमांश उरते, म्हणजे सुमारे १४ डेसिबेलने खाली येते. १९७० साली आलेल्या मिनीमूग या मूग यांच्याच सिंथेसायझरवर या नॉबचे नाव एम्फसिस असे आहे, आणि तो वाढवताना खर्ज पातळ होत जाणे हा त्या वाद्याच्या ओळखीचाच भाग झाला. पुढे काही उत्पादकांनी गेलेला खर्ज भरून काढण्याची सोय केली. मला स्वतःला ती सोय फारशी रुचत नाही. खर्ज ओसरत असताना शिखर वर येते म्हणूनच ते शिखर एवढे ठसठशीत ऐकू येते.

चार हा आकडा इथे योगायोगाने आलेला नाही. कटऑफवर शिडी एक चतुर्थांश करते, फीडबॅक तिला चौपट करतो, आणि पूर्ण फेरी मारून आलेली लहर निघाली होती तेवढ्याच उंचीची आणि तिच्याशी तंतोतंत जुळलेली परत येते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन यांच्या नावाने ओळखली जाणारी अट ती हीच: फेरीतला एकूण गेन, म्हणजे लहर किती पट होते तो आकडा, एक, आणि फेज, म्हणजे लहरीची अंशांत मोजलेली पिछाडी, पूर्ण वर्तुळ फिरून आलेला. सप्ताहाच्या मंडपात कीर्तनकार बुवांचा माईक कर्ण्यासमोर आला की जी शिट्टी घुमू लागते आणि साउंडवाल्याला धावत येऊन आवाज केसभर कमी करावा लागतो, तिच्यामागेही हीच अट असते. फरक एवढाच, की तिथे शिट्टीचा स्वर मंडपाची लांबी-रुंदी, माईकची जागा आणि कर्ण्याचा स्वभाव मिळून ठरवतात, आणि फिल्टरमध्ये तो आपल्या बोटांत असतो. साउंडवाला ज्या कड्यावरून मागे येतो, त्याच कड्यावर सिंथेसायझर वाजवणारा मुद्दाम जाऊन उभा राहतो.

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा सेलूहून सुट्टीला आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या या मुलाला घेऊन मी बीसी-५४७ ट्रान्झिस्टरांच्या जोड्या जुळवून ब्रेडबोर्डवर शिडी उभी केली. आधी तिच्यातून करवती लहर सोडून कटऑफ खाली-वर केला, मग रेझोनन्स वाढवत गेलो, आणि शेवटी ऑसिलेटरची तार उपटून बाजूला ठेवली. स्पीकर शांत झाला. मी नॉब आणखी थोडा पुढे नेला आणि हात काढून घेतला. क्षणभर काहीच झाले नाही. मग अगदी दुरून यावा तसा एक स्वर उमटला, फुगत गेला आणि एका पातळीवर येऊन स्थिर झाला. भाचा वायर हातात धरून तिच्या मोकळ्या टोकाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मामा, ह्याला तर आपण काहीच दिलं नाही. मग हे वाजायलंय कशाच्या जिवावर?”

प्रश्न अगदी मुळाचा होता. चौपट करायचे तर आधी काहीतरी असायला हवे. शून्याची चौपट शून्यच. उत्तर असे आहे, की सर्किटमध्ये शून्य कधीच नसते. प्रत्येक रोधात, प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत इकडेतिकडे धडपडत असतात आणि त्यांच्या त्या धडपडीचा एक अतिसूक्ष्म विद्युतदाब कायम हजर असतो. बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन जॉन्सन यांनी तो मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याची उपपत्ती दिली. दोघांचे शोधनिबंध १९२८ सालचे. या गोंगाटात सगळ्याच वारंवारता थोड्या थोड्या असतात, म्हणजे आपल्याला हवी असलेलीही असतेच. शिडी आणि तिचा फीडबॅक मिळून नेमकी तेवढीच निवडतात आणि फेरीमागून फेरी वाढवत नेतात. त्या दुपारी आम्ही ऐकला तो स्वर परभणीच्या उन्हाने तापलेल्या रोधांमधून आला होता, असे मी भाच्याला सांगितले, आणि ते अक्षरशः खरे आहे.

हात काढल्यावर जो क्षणभराचा खंड पडला होता, त्याचाही हिशेब मांडता येतो. गुणक बरोबर ४ असेल तर लहर जेवढी आहे तेवढीच राहते. ती वाढायची असेल तर तो चारच्या थोडा पुढे लागतो. समजा गुणक ४.१ आहे आणि कटऑफ २०० हर्ट्झवर आहे. गणित केले तर लहरीची उंची दर ९० मिलिसेकंदांनी दुप्पट होते असे दिसते. गोंगाटातल्या काही मायक्रोव्होल्टपासून ऐकू येण्याजोग्या काही दशक मिलिव्होल्टपर्यंत जायचे म्हणजे दहा हजार पट व्हायचे, आणि त्या गतीने दहा हजार पट व्हायला सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. कटऑफ ५० हर्ट्झवर आणला तर हीच वाट चौपट लांब होते. खर्जातला स्वर सावकाश उगवतो आणि तारसप्तकातला चटकन, यामागे वाजवणाऱ्याचा हात नसून ही वाढीची गती असते. नॉब जितका चारच्या जवळ, तितकी प्रतीक्षा मोठी; काही वादक तो इतका अलगद नेऊन ठेवतात, की स्वर येईल की नाही याचा अंदाजच लागू नये.

आता दुसरा प्रश्न, जो मला पहिल्याहून मोठा वाटतो. फेरीमागे जर लहर वाढतच असेल, तर ती थांबते कुठे? रेषीय गणितात, म्हणजे आत जितक्या पट तितक्याच पट बाहेर असे धरणाऱ्या गणितात, ती कुठेच थांबत नाही. पुस्तकातली आदर्श शिडी ४ च्या खाली विझते, ४ च्या वर अनंताकडे जाते, आणि स्थिर स्वर धरायचा तर गुणक ४ वर असा अचूक ठेवावा लागेल, की कोणत्याही नॉबला आणि कोणत्याही हाताला ते साधणार नाही. तरीही खरी शिडी तासन्‌तास एका पातळीवर वाजत राहते, कारण खरा ट्रान्झिस्टर रेषीय नाही. त्याच्या जोडीला दिलेला संकेत वीस-तीस मिलिव्होल्टच्या पलीकडे गेला की तो त्याच प्रमाणात पुढे जात नाही. त्याची शिखरे दबू लागतात, म्हणजे मोठ्या लहरीसाठी गेन आपोआप कमी होतो. लहर वाढते, गेन घटतो, आणि फेरीचा गेन जिथे बरोबर एक होतो तिथे दोघांचा समेट होतो. लहर थोडी लहान झाली तर गेन वाढून तिला वर आणतो, थोडी मोठी झाली तर घटून खाली आणतो. ट्रान्झिस्टरच्या ज्या वाकडेपणाला आम्ही वर्गात दोष म्हणून शिकवले, विकृती म्हणून त्याच्यावर सूत्रे लिहून दिली, तोच इथे स्वराला धरून ठेवतो. तो नसता तर हा फिल्टर गायलाच नसता. या सर्किटविषयी मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा हाच आहे, आणि ब्रेडबोर्डसमोर बसून तो ऐकताना जे समाधान मिळते ते मला सूत्रे मांडून कधी मिळाले नाही.

मग शिखरे दबलेल्या या लहरीचा स्वर इतका स्वच्छ कसा? कारण दबल्यामुळे तयार होणारे वरचे घटक त्याच शिडीतून जातात. ट्रान्झिस्टरांची जोडी लहरीच्या वरच्या आणि खालच्या भागाला सारखीच दाबते, म्हणून दुप्पट, चौपट अशा सम पटींचे घटक तयारच होत नाहीत. पहिला अडथळा तिप्पट वारंवारतेच्या घटकाचा. कटऑफच्या तिप्पट वारंवारतेला चार पायऱ्या शंभराव्या हिश्शावर आणतात, तर मूळ स्वर एक चतुर्थांश उरतो. म्हणजे शेवटच्या पायरीवर तिसरा घटक मूळ स्वराच्या तुलनेत २५ पट क्षीण झालेला असतो. फिल्टर स्वतःच निर्माण केलेला स्वर स्वतःच गाळून बाहेर देतो. म्हणूनच मिनीमूगमध्ये तीन ऑसिलेटर असूनही त्यांतला एकही शुद्ध साइन लहर, म्हणजे एकाच वारंवारतेची लहर, देत नाही, आणि ज्याला ती हवी असते तो फिल्टरलाच गायला लावतो.

चारच्या खालचा, अगदी कडेचा प्रदेश मला वैयक्तिकरीत्या सर्वांत जास्त प्रिय आहे. गुणक चारपेक्षा किंचित कमी असला तर स्वर आपणहून उगवत नाही, पण बाहेरून एक बारीकसा विद्युतधक्का दिला तर फिल्टर निनादतो आणि हळूहळू विझतो. किती हळू, हे पुन्हा त्या आकड्यावर अवलंबून. कटऑफ २०० हर्ट्झ धरू. गुणक ३.५ असेल तर निनाद सुमारे २४ मिलिसेकंदांत एक तृतीयांशाच्या जवळ येतो, म्हणजे नुसता ठोका ऐकू येतो, स्वर कळत नाही. ३.९ वर हाच काळ १२६ मिलिसेकंद होतो आणि कातड्यावर बोट पडावे तसा बोल निघतो. ३.९९ वर तो सव्वा सेकंदाच्या पुढे जातो आणि धक्का दिल्यावर घंटेच्या जवळपासचे काहीतरी ऐकू येते. ३.५ ते ३.९९ या नॉबच्या अगदी थोड्याशा वळणात ठोक्यापासून घंटेपर्यंतचा सगळा प्रवास मावतो, आणि त्यातही शेवटच्या दशांश भागात बहुतेक सगळे घडते. रोलँडने १९८० मध्ये आणलेल्या टीआर-८०८ या तालयंत्रातला खोल ठोका याच तत्त्वावर, आपणहून वाजू लागण्याच्या जरा अलीकडे ठेवलेल्या सर्किटला धक्का देऊन निघतो. तिथे शिडी नाही, ब्रिज्ड-टी नावाची दुसरी जोडणी आहे, पण कडेवर थांबण्याची युक्ती तीच. कटऑफ धक्क्याबरोबर थोडा वर नेऊन लगेच खाली आणला की स्वर घसरतो, आणि संबळाच्या मोठ्या तोंडावर वाकड्या काठीने निघणाऱ्या घसाऱ्याच्या जवळ जाणारा नाद मिळतो. आमच्या भागात गोंधळाच्या रात्री तो नाद लहानपणापासून कानांवर पडत आलेला असल्यामुळे मी ब्रेडबोर्डवर पहिल्यांदा तोच शोधला.

कडेवर ठेवलेला फिल्टर आसपासचे सगळे पकडतो, हेही सांगायला हवे. घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर पॉवर सप्लायमधून शिरते, आणि कटऑफ खाली आणत गेले की १५०, १०० आणि ५० हर्ट्झवर ती एकेकदा फुगून ओसरते. लोडशेडिंगच्या वेळेत नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर हेच सर्किट चालवले तर ही घरघर पूर्ण थांबते आणि फिल्टरचा स्वतःचा आवाज जसा आहे तसा ऐकायला मिळतो. वीज गेलेल्या वेळेचा इतका चांगला उपयोग मला दुसरा सुचलेला नाही.

प्रत्येक फिल्टर चारवरच गातो असे नाही. तीन पायऱ्यांच्या साखळीत प्रत्येकीला ६० अंशांची पिछाडी गाठावी लागते, तिथे प्रत्येक पायरी निम्मे करते, म्हणून गेन ८ लागतो आणि स्वर एका पायरीच्या कटऑफच्या १.७३ पट वर बसतो. कॉर्गच्या १९७८ च्या एमएस-२० या सिंथेसायझरमध्ये सॅलन आणि की यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या जोडणीचा फिल्टर आहे. तिच्यातले दोन्ही रोध आणि दोन्ही कपॅसिटर सारखे असतील तर गेन ३ झाल्यावर ती गाऊ लागते, आणि एमएस-२० मध्ये तो स्वर स्वच्छ नसतो, घसा फाटल्यागत किंचाळतो, आणि तो तसाच आवडणारे लोक जगभर आहेत. ओबरहाइमने १९७४ मध्ये केलेल्या एसईएम या सिंथेसायझरचा फिल्टर मात्र कधीच स्वतःहून गात नाही. त्याच्या मृदू स्वभावाचे कारण काही अंशी तेच. रोलँडच्या टीबी-३०३ या खर्जाची साथ करणाऱ्या यंत्राचा डायोडांचा फिल्टरही कड्याच्या अलीकडेच थांबतो, पण इतक्या जवळ की प्रत्येक स्वराला ओलसर, वळत जाणारे शेपूट फुटते. मुंबईतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकेत याच यंत्राच्या साथीने आपले राग वाजवले. रागातली मींड आणि फिल्टरची सरक यांचे इतके सख्य असू शकते, हे तेव्हा फार थोड्यांच्या लक्षात आले.

सॉफ्टवेअरमधल्या फिल्टरबद्दल थोडक्यात. भाच्याने आपल्या लॅपटॉपवर चार ओळींची शिडी लिहिली आणि गुणक ४.१ ठेवला, तरी तिच्यातून काहीही निघाले नाही, कारण संगणकातले शून्य हे खरेच शून्य असते. तिथे उष्णतेची धडपड नाही. असे फिल्टर लिहिणारे लोक त्यात मुद्दाम कणभर गोंगाट मिसळतात. शिवाय फीडबॅक एका नमुन्याने, म्हणजे संगणकाच्या हिशेबातल्या एका पावलाने, उशिरा पोहोचतो, तो उशीर फेजमध्ये मिळतो आणि वरच्या सप्तकात स्वर बिघडतो, म्हणून फीडबॅकला उशीर होऊ न देणारी वेगळी गणिते वापरावी लागतात. आणि ट्रान्झिस्टरचा वाकडेपणा सूत्राने लिहून द्यावा लागतो, नाहीतर आकडे फुगत फुगत संगणकाच्या मर्यादेबाहेर जातात. ब्रेडबोर्डवर ज्या तीन गोष्टी फुकट मिळतात, त्या तिथे एकेक करून हाताने घालाव्या लागतात.

राहिला प्रश्न हा स्वर सुरात वाजवण्याचा, आणि मराठवाड्यात त्याला स्वतःचा एक पदर आहे. कीबोर्डकडून येणारा विद्युतदाब दर सप्तकाला एक व्होल्टने वाढतो, आणि दर सप्तकाला वारंवारता दुप्पट व्हायची तर शिडीतला प्रवाहही दुप्पट व्हावा लागतो. हे काम ट्रान्झिस्टरकडून करून घेतात: साधारण २७ अंश सेल्सिअसला त्याच्या बेसचा दाब सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढवला की प्रवाह दुप्पट होतो. अडचण अशी, की हे १८ मिलिव्होल्ट तापमानाच्या प्रमाणात वाढतात, दर अंशाला साधारण ०.३३ टक्के. जिथे खोल्या वर्षभर वीस-बावीस अंशांवर असतात तिथे याची झळ कमी बसते. परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि डिसेंबरच्या काही पहाटे तो एक आकडी असतो. २७ अंशांना जुळवलेला फिल्टर ४२ अंशांना वाजवला, तर तीन सप्तके वरचा षड्ज तीन सप्तकांवर न जाता २.८६ सप्तकांवरच थांबतो, म्हणजे षड्जाऐवजी कोमल निषादाच्या जरा वरचा कुठलातरी बेघर स्वर लागतो. याच्या जोडीला शिडीतल्या ट्रान्झिस्टरांचा स्वतःचा रोधही त्याच ५ टक्क्यांनी वाढतो आणि अवघी पट्टी जवळजवळ एका अर्धस्वराने खाली बसते. पहिल्या दोषाने स्वरांमधली अंतरे बिघडतात, दुसऱ्याने नुसता षड्ज सरकतो, आणि हे दोन दोष वेगळे ओळखणे फार महत्त्वाचे आहे, कारण त्यांची औषधे वेगळी आहेत.

अंतरांच्या दोषावर कारखान्यांतून तापमानाबरोबर नेमका तेवढाच वाढणारा खास रोध वापरतात. आमच्याकडे तो दुकानात मिळत नाही, पण तांबे मिळते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो, हव्या त्यापेक्षा थोडा जास्त. त्यात तापमानाने फारसा न बदलणारा साधा रोध थोडा मिसळला की बेरीज जुळते. शेतीपंपाच्या मोटारी जळण्याचे प्रमाण आमच्या जिल्ह्यात मोठे असल्यामुळे रिवाइंडिंगची दुकाने गल्लोगल्ली आहेत आणि इनॅमलची तार तोलून मिळते. ४० गेजची साठेक मीटर तार घेतली की ८५ ओहम होतात. तिच्यापुढे १५ ओहमचा साधा रोध जोडला की शंभर ओहमचा, दर अंशाला ०.३३ टक्क्याने वाढणारा रोध घरीच तयार होतो. तार आधी मधोमध दुमडून मग गुंडाळावी, म्हणजे त्या वेटोळ्यात विजेची घरघर शिरत नाही. हे वेटोळे कीबोर्डचा दाब १८ मिलिव्होल्टवर आणणाऱ्या विभाजकाच्या खालच्या बाजूस लावावे, आणि दाबाचा प्रवाह करणाऱ्या ट्रान्झिस्टरांच्या जोडीला ते अगदी चिकटवून वर कापूस बांधावा, म्हणजे दोघांचे तापमान बरोबरीने बदलते.

आमच्या शिडीवर हे वेटोळे बसल्यापासून स्वरांमधली अंतरे भर दुपारीही टिकतात. पेटीच्या काळी एकच्या षड्जाशी लावून पाहिले तर वरच्या सप्तकाचा षड्जही तिच्याशी डोल, म्हणजे न जुळलेल्या दोन स्वरांची थरथर, न येता मिळतो. अवघ्या पट्टीचा सरकलेला अर्धस्वर तेवढा राहतो, आणि तो बसण्यापूर्वी पेटीशी जुळवून, कटऑफच्या बारीक नॉबने उन्हाळ्यात वर आणि हिवाळ्यात खाली घ्यावा लागतो.